रविवारी येते

स्वयंपाकघरातला टांगता दिवा हलला, तेव्हा तोकुजीला कळलं की वरून ठोकलं गेलंय. आवाज काही त्याला ऐकू आला नव्हता. कागदाच्या गिरणीत यंत्रांच्या शेजारी उभं आयुष्य काढलेल्या माणसाचे कान त्याच्याआधीच निवृत्त होतात. पण वरच्या खोलीत लाकडी जमिनीवर टाच आपटली की खाली दिवा हलायचा. एकदा हलला तर भूक लागली, दोनदा हलला तर काहीतरी बिघडलंय, अशी भाषा या घरात केव्हाच ठरून गेली होती. आज तो दोनदा हलला. काल संध्याकाळीही दोनदाच हलला होता.

"बघतोय रे, बघतोय!" तोकुजी छताकडे तोंड करून ओरडला. वरून उत्तर येणार नव्हतं, ते त्यालाही ठाऊक होतं.

वर त्याचा मुलगा होता, कोहेई. सेहेचाळीस वर्षांचा. आधी नोकरी सुटली, मग मित्र सुटले, मग एका हिवाळ्यात खोलीचं दार लागलं ते लागलंच. त्याला आता अकरा वर्षं होत आली. वरच्या मजल्यावर संडास होता, तोंड धुवायला जागा होती, जेवणाचं ताट दाराशी पोचत होतं. खाली उतरायचं काही कारणच उरलं नव्हतं. जपानच्या उत्तरेकडच्या कुशिरो या बंदराच्या गावात, त्या गल्लीत सगळ्यांना हे माहीत होतं आणि कुणीही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतं. माहीत असलेली गोष्ट माहीत नसल्यासारखं वागण्यात इथल्या माणसांचा कुणी हात धरणार नाही.

त्या खोलीपर्यंत जाणाऱ्या गोष्टी दोनच. एक जेवणाचं ताट, आणि दुसरी ती पांढरी वायर. जिन्याच्या पायथ्याशी भिंतीवर टेलिफोन होता, त्याच्याखाली नेटचा डबा, आणि डब्यातून निघालेली वायर जिन्याच्या कडेकडेने खिळे मारत वर नेलेली. ती फुमिएने, तोकुजीच्या बायकोने, स्वतः हातोडी घेऊन नेली होती. डब्यातून दुसरी वायर स्वयंपाकघरात, तिच्या जुन्या कॉम्प्युटरला. गिरणीच्या सभागृहात बायकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग भरायचा त्या काळातलं ते धूड होतं. चालू केल्यावर चहा होईपर्यंत जागं व्हायचं नाही. पण फुमिए रोज त्याच्यासमोर बसायची आणि वरच्या खोलीत ईमेल लिहायची. खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर! तोकुजी तेव्हा हसायचा. म्हणायचा, "बारा पायऱ्या चढून जा की, टपालखात्याला कशाला त्रास?" ती म्हणायची, "अहो, दाराशी गेलं की तो गप्प होतो. इथे बोलतो."

मार्चमध्ये फुमिए वारली. वरच्या मजल्यावर ते अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

रुग्णालयात, शेवटच्या आठवड्यात, तिनेच वचन घेतलं होतं. "कोहेईला सांगू नका. मी नाही म्हटल्यावर तो ताटाला हात लावणार नाही, मी ओळखते त्याला. तो आपल्या पायांनी खाली येईल, त्या दिवशी समोर बसवून सांगा. तोवर माझ्या नावाने लिहीत राहा." तोकुजी म्हणाला होता, "मला कुठे टाइप करता येतं?" ती म्हणाली, "एका बोटाने करा. तुम्हाला दुसरं काम काय आहे?" मरता मरतासुद्धा बाईने टोमणा सोडला नाही.

तर तो लिहू लागला. आई सापोरोच्या मोठ्या रुग्णालयात आहे, हळूहळू बरी होतेय, अशी बतावणी. पहिल्यांदा तिची जुनी पत्रं वाचून काढली, ती सुरुवात कशी करते ते पाहिलं. ती हवेपासून सुरुवात करायची. मग तोही लिहायचा, "आज धुकं आहे. जेवलास का?" एवढ्याला अर्धा तास जायचा. आणि वरून उत्तर यायचं! बंदरात कुठली जहाजं आली ती नावं यायची, दाढ दुखते हे यायचं. एकदा आलं, "बाबा सार फार खारट करतात, पण त्यांना सांगू नकोस." तोकुजीने दुसऱ्या दिवसापासून सारात मिसो, म्हणजे ते सोयाबीनचं खारट वाटण, निम्मं घातलं आणि दिवसभर स्वतःशीच हसला. या चार महिन्यांत त्याला मुलाबद्दल जितकं कळलं तितकं आधीच्या सेहेचाळीस वर्षांत कळलं नव्हतं. आणि तो रोज, न चुकता, शेवटी एक ओळ घालायचा: "खाली कधी येशील?"

या ओळीला उत्तर कधीच यायचं नाही. परवा आलं.

"तू घरी आलीस की येईन. दार मीच उघडेन."

तोकुजीने ते चारदा वाचलं, मग उठून अंगणात गेला आणि धुक्यात उभं राहून म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसा रडला. अकरा वर्षांत हे पहिलं वचन होतं. त्याने रात्रभर विचार केला आणि एक बेत रचला. लिहायचं, "रविवारी येते." रविवारी सकाळी बाहेर जायचं, घंटा वाजवायची. कोहेई खाली येईल, दार उघडेल, समोर आई नसेल, बाप असेल. तिथेच त्याचे दोन्ही हात धरायचे आणि सगळं सांगायचं. फसवणूक होती, होय. पण फुमिएची अट पुरी होत होती, आणि एकदा पोरगा खाली आला की पुढचं पुढे. दोन शब्द पाठवायचे होते फक्त.

काल सकाळी तो कॉम्प्युटरसमोर बसला, दोन शब्द लिहिले, बटण दाबलं. काहीच गेलं नाही. कोपऱ्यात पिवळा त्रिकोण आला. पुन्हा दाबलं, पुन्हा त्रिकोण. संध्याकाळी वरून दिवा दोनदा हलला.

तेव्हापासून त्याने सुचेल ते सगळं केलं होतं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. डब्याची पिन काढली, फुंकर घातली, पुन्हा लावली. वायर टोकापासून टोकापर्यंत ओल्या फडक्याने पुसली, जणू नेट धुळीने अडलंय. डब्यावरचा एक दिवा, जो फुमिएच्या काळात स्थिर असायचा, तो लुकलुकत राहिला. शेवटी त्याने हार मानली आणि कोपऱ्यावरच्या सावाकीला बोलावलं.

सावाकीचं विजेच्या सामानाचं दुकान. टीव्हीपासून भाताच्या कुकरपर्यंत गल्लीतलं सगळं त्याने विकलेलं, आणि म्हणून सगळं दुरुस्तही तोच करायचा. साठीचा, बडबड्या माणूस. दारात बूट काढले, सामानाची पेटी ठेवली, आणि कॉम्प्युटरकडे न जाता तो सरळ आतल्या खोलीकडे वळला.

"आधी वहिनींच्या अस्थींसमोर उदबत्ती लावतो, तोकुजीदादा. अंत्यविधीला यायला जमलं नाही, तेव्हापासून मनाला..."

तोकुजीने त्याची बाही धरून त्याला मागे खेचला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"काय झालं?"

"उदबत्ती नाही," तोकुजी त्याच्या कानाशी म्हणाला. "वास वर जातो."

सावाकीने जिन्याकडे पाहिलं. मग तोकुजीकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे... त्याला अजून..." त्याने वर बोट दाखवलं. तोकुजीने मान हलवली.

"आणि अस्थी? वहिनींची पूजा मांडायचं मूर्तीचं कपाट कुठंय? घंटा?"

"अस्थी गाद्यांच्या कपाटात आहेत. गाद्यांच्या मागे."

"अरे देवा," सावाकी म्हणाला. "चार महिने वहिनी गाद्यांच्या मागे! उदबत्ती नाही, घंटा नाही, पाण्याची वाटी नाही. दादा, हे बरं नाही हो."

"बरं नाही हे मलाही कळतं. तू मशीन बघ."

सावाकी गुडघे मोडून स्वयंपाकघरात बसला. गाद्यांच्या कपाटाकडे तोंड करून त्याने आधी गुपचूप हात जोडले, मग कामाला लागला. काळी खिडकी उघडून काहीतरी टाइप केलं. वायर बदलली. मग पेटीतून स्वतःचा छोटा कॉम्प्युटर काढून त्याच वायरीला लावला, थोडा वेळ पाहिलं, आणि मान हलवली.

"हे म्हातारं निर्दोष आहे," तो त्या धुडावर थाप मारत म्हणाला. "माझ्या नव्यालाही नेट मिळत नाही. तो डब्यावरचा दिवा बघितलात? त्याला बाहेरूनच काही येत नाहीये. घरातली सगळी वायर ठीक आहे, नळाला पाणीच नाही."

"मग तू बाहेरची दुरुस्त कर."

"दादा, बाहेरची कंपनीची. ही टेलिफोनच्या तारेवरची जुनी पद्धत आहे, आता राहिली कुणाकडे? बंद करताहेत म्हणे एकेका भागात. वहिनींना पत्रं आली असतील."

पत्रं आली होती. पण साकुमा फुमिए या नावाने आलेलं कुठलंच टपाल तोकुजीने उघडलं नव्हतं. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडायचं नाही, हा त्याचा जन्मभराचा नियम. आणि ती मेली म्हणून काय तो नियम मोडायचा? ती पाकिटं चहाच्या डब्याशेजारी रचून ठेवलेली होती.

"फोन तुम्हालाच करावा लागेल," सावाकी बूट घालता घालता म्हणाला. "मी केला असता, पण ते मला उभं करणार नाहीत. आणि दादा," त्याने आवाज खाली आणला, तरी तोकुजीला कळावं म्हणून ओठ स्पष्ट हलवले, "सांगून टाका हो. असली गोष्ट घरात ठेवली की ती कुजते."

"रविवारी सांगणार आहे," तोकुजी म्हणाला. "तेवढं नेट येऊ दे."

टेलिफोन जिन्याच्या पायथ्याशी. तोकुजीने आधी विचार केला, बाहेर कुठून तरी करावा. सावाकीच्या दुकानातून करावा. पण कंपनीचे लोक पहिला प्रश्न विचारतात तो डब्यावर कुठले दिवे लागलेत हा, हे सावाकीनेच सांगितलं होतं. दिवे पाहायचे तर डब्यासमोर उभं राहायला हवं. डबा जिन्यापाशी. त्याने वर पाहिलं. दार बंद होतं. हळू बोलायचं ठरवून त्याने नंबर फिरवला.

कंटाळा येईपर्यंत संगीत वाजलं, मग एका मुलीचा गोड, बारीक आवाज आला. तोकुजीने रिसीव्हर कानात घुसेल एवढा दाबून धरला.

"डब्यावरचे दिवे सांगाल का, साहेब?"

त्याने सांगितले. तिने डबा बंद करून चालू करायला लावला, केला. तिने विचारलं, काही फरक? नाही. मग बराच वेळ ती कुठे तरी शोधत राहिली.

"साहेब, आपल्या भागातली ही सेवा या महिन्यात बंद झाली आहे. तशी पत्रं आम्ही पाठवली होती. नव्या लाइनसाठी अर्ज करावा लागेल. सेवा साकुमा फुमिए यांच्या नावावर आहे. त्यांना फोन देता का?"

"मी त्यांचा नवरा बोलतोय."

"हो, साहेब. पण ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशीच बोलावं लागतं. नियम आहे."

"ती... आंघोळीला गेलीय."

"मी थांबते ना."

तोकुजीने कपाळाला हात लावला. "तिला वेळ लागेल."

"मग संध्याकाळी फोन केला तर चालेल?"

"संध्याकाळीही नाही."

"उद्या?"

"अगं बाई, ती गावात नाहीये!"

"साहेब, आपण आत्ताच म्हणालात की त्या आंघोळीला गेल्यात," मुलगी जराही न चिडता म्हणाली. "त्यांची परवानगी असल्याशिवाय मला काहीच करता येणार नाही. त्या कधी परत येतील?"

कधी परत येतील. तोकुजी लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहत राहिला. रविवार दोन दिवसांवर आला होता. वर एक माणूस उत्तराची वाट पाहत होता, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहत होता. त्याने तोंडावर हात आडवा धरला आणि त्याच्या मते अगदी कुजबुजत म्हणाला, "ती वारली."

"काय म्हणालात? नीट ऐकू आलं नाही."

"वारली. मार्चमध्ये."

"साहेब, लाइन खराब आहे का? पुन्हा सांगाल?"

"मेली ती!" तोकुजी ओरडला. "माझी बायको मेली! मार्चमध्ये मेली, जाळून आलो मी तिला! आता कुणाला बोलावू फोनवर?"

तोकुजीचा डावा हात जिन्याच्या कठड्यावर होता, आणि त्या हाताला लाकूड थरथरल्याचं कळलं. त्याने वर पाहायच्या आधीच त्याला समजलं की दार उघडलंय.

जिन्याच्या वरच्या वळणावर कोहेई उभा होता. तोकुजीच्या डोळ्यांसमोर अजून पस्तिशीचा पोरगा होता. हा कुणी वेगळाच. केस पाठीवर आलेले, रबराने बांधलेले, अर्धे पांढरे. पोट सुटलेलं आणि पाय काड्यांसारखे. दिवसाच्या उजेडाने त्याचे डोळे बारीक झाले होते. त्याचे ओठ हलले.

"काय?" तोकुजी म्हणाला. "काय म्हणालास? मला ऐकू येत नाही रे."

ओठ पुन्हा हलले. अकरा वर्षं न वापरलेला तो आवाज. त्याला जोर कुठून असणार. बापाला ऐकू येत नव्हतं आणि मुलाला मोठ्याने बोलता येत नव्हतं. शेवटी कोहेई कठडा धरून पायरी पायरीने खाली आला, आणि चार पायऱ्या उरल्या तिथे थांबला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"आईचं."

"कुणी सांगितलं? सावाकी ओरडला का?"

"तुम्ही दारात अंगावर मीठ टाकलंत," कोहेई म्हणाला. "काळ्या कपड्यांत आलात. मी खिडकीतून बघत होतो."

तोकुजीच्या हातातला रिसीव्हर खाली आला. खरंच की. उदबत्ती नाही, घंटा नाही, अस्थी गाद्यांच्या मागे. सगळं सांभाळलं होतं त्याने. पण स्मशानातून आलेल्या माणसाने उंबरा ओलांडण्याआधी अंगावर मीठ टाकायचं, हे हाताला इतकं पक्कं ठाऊक की हाताने डोक्याला विचारलंच नाही. पुडी खिशातून काढली, खांद्यांवर टाकली, आत आला. त्याला आठवतसुद्धा नव्हतं.

"मार्चपासून?" तो म्हणाला.

"मार्चपासून."

"मग लिहीत का होतास? आई, आई करत?"

"तुम्ही लिहीत होतात," कोहेई म्हणाला. "रोज. एवढ्या चुका करून."

म्हणजे ती जहाजं मला सांगितली होती, तोकुजीच्या मनात आलं. दाढ मला सांगितली होती. खारट सार मलाच. त्याच्या छातीत काहीतरी ऊब भरून आली, आणि त्याच क्षणी दुसरा विचार आला आणि ती ऊब जागच्या जागी विझली.

"मग ते परवाचं?" त्याने विचारलं. "आई घरी आली की खाली येईन म्हणालास, ते?"

कोहेईने पायरीकडे पाहिलं. त्याच्या पायाची नखं वाढून वळली होती.

"तुम्ही रोज विचारत होतात, कधी येशील, कधी येशील," तो म्हणाला. "नाही म्हटलं असतं तर तुम्ही लिहिणं थांबवलं असतं. म्हणून मग तो दिवस सांगितला."

कधीच न येणारा दिवस. तोकुजी त्याच दिवसासाठी अंगणात उभा राहून रडला होता.

"बरं, ते जाऊ दे," तो म्हणाला. आवाज हळू ठेवायचं आता काही कारण नव्हतं. "आता आलाच आहेस ना. ये. चार पायऱ्या राहिल्यात. सार गरम आहे. ये, बाळा."

त्याने हात पुढे केला. कोहेईने त्या हाताकडे पाहिलं. एक पाय उचलला, खालच्या पायरीवर ठेवल्यासारखा केला, आणि मागे घेतला. मग तो वळला. वळल्यावर काहीतरी बोलला, पण तोंड पलीकडे होतं; तोकुजीला त्यातला एकही शब्द ऐकू आला नाही. कठड्याचं लाकूड थरथरलं, थांबलं, आणि वर दार लागलं.

"हॅलो? साहेब? आहात का?" रिसीव्हरमधून बारीक आवाज येत होता. तोकुजीने तो कानाला लावला.

"आहे."

"साहेब, फार वाईट वाटलं ऐकून. त्यांचं नाव काढायला काही कागद पाठवावे लागतील. नवी लाइन आपल्या नावावर घ्यायची का?"

"हो. माझ्या नावावर." त्याने नाव सांगितलं. मग विचारलं, "कधी जोडाल?"

"माणूस येऊन बाहेरून वायर ओढेल. सध्या खूप मागणी आहे. महिना तरी लागेल."

"महिना," तोकुजी म्हणाला. त्याने बंद दाराकडे पाहिलं. "आणि तोवर मी त्याच्याशी बोलायचं कसं?"

कुणाशी, असं मुलीने विचारलं नाही. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं कुणी परदेशात असेल.

"तोवर आमच्याकडे काही सोय नाही, साहेब," ती म्हणाली. "फार फार माफ करा."